टीआय-८३ चा वेग वाढवून घेतला, त्याला एक सेमिस्टर झालं

डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात एक निवृत्त तंत्रज्ञ राहतात. घराच्या गॅरेजमध्ये जुने रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करतात. पाटी नाही, जाहिरात नाही. आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या एका सहकाऱ्याने त्यांचा पत्ता दिला. त्यांच्याकडून मी माझ्या टीआय-८३ (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स, म्हणजे टीआय कंपनीच्या) ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा वेग वाढवून घेतला आणि हवं तेव्हा मूळ वेगावर येता यावं म्हणून एक स्विच बसवून घेतला. ४५ डॉलर लागले, पाच दिवस लागले. जानेवारीत हे काम झालं, त्यानंतर एक पूर्ण सेमिस्टर मी तो वर्गात रोज वापरला. असं काम करून घ्यावं का, असं मला तिघा-चौघांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

हा कॅल्क्युलेटर मी १९९७ च्या ऑगस्टमध्ये घेतला. मिरजेहून इथे शिकायला आले होते आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथल्या गणिताच्या वर्गात हे यंत्र वहीपेनाइतकंच गृहीत धरलेलं आहे. एपी कॅल्क्युलसच्या (शाळेतच कॉलेजच्या दर्जाचं गणित घेणाऱ्यांच्या) परीक्षेत १९९५ पासून ग्राफिंग कॅल्क्युलेटर सक्तीचाच झाला होता. आपल्याकडे बारावीला लॉगटेबल उघडणाऱ्या मुलीला ९६ बाय ६४ ठिपक्यांच्या त्या पडद्यावर वक्र उमटताना पाहून काय वाटलं असेल, ते त्या पिढीतल्यांना सांगायला नको. पुढे मी कम्युनिटी कॉलेजात शिकवायला लागले आणि हाच कॅल्क्युलेटर बरोबर राहिला. त्यात मी लिहिलेले चौदा प्रोग्राम आहेत.

त्यातला एक प्रोग्राम या सगळ्याच्या मुळाशी आहे. तो डिफरन्शियल इक्वेशनचं स्लोप फील्ड काढतो: पडद्यावर बारा उभ्या आणि आठ आडव्या जागी छोट्या रेघा, प्रत्येक रेघ त्या बिंदूपाशी असलेल्या उताराची. एकूण ९६ रेघा. डॉक्युमेंट कॅमेऱ्याखाली कॅल्क्युलेटर ठेवला की सगळा वर्ग त्या एकेक उमटताना बघतो. मूळ वेगावर याला ४१ सेकंद लागायचे. तिसाव्या सेकंदाला मागच्या बाकांवर फोन निघायचे. संगणकावर हेच चित्र एका क्षणात येतं, पण तेही मला नको असतं, कारण पुढची रेघ कुठे वळेल याचा अंदाज बांधायला मुलांना वेळच मिळत नाही. नवा टीआय-८४ प्लस सीई माझ्याकडे आहे. त्याचा ईझेड८० प्रोसेसर ४८ मेगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे त्याच्यावरही चित्र भराभर उरकतं. मला हवा होता मधला वेग.

टीआय-८३ मध्ये झेड८० प्रोसेसर आहे आणि तो साधारण ६ मेगाहर्ट्झवर चालतो. मनगटी घड्याळात असतो तसा क्वार्ट्झचा स्फटिक हा ठेका देत नाही. एक कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा बारीक भाग, भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो, त्यावर ठेका ठरतो. एकाच नळाखाली कळशी आणि पेला ठेवले तर पेला आधी भरणार. तसा लहान कॅपॅसिटर लवकर भरतो आणि ठेका जलद पडतो. म्हणून बदलायचा भाग एकच, तांदळाच्या दाण्याहून लहान. झेड८० वर चालणाऱ्या टीआय-८२, ८५ आणि ८६ या भावंडांतही लोकांनी हीच युक्ती वर्षानुवर्षं केलेली आहे.

ते मूळ कॅपॅसिटर काढत होते तेव्हा मी शेजारी उभी होते. पाठीचे तारकाकृती खाचेचे पेच काढल्यावर त्यांनी सगळ्यात आधी बोर्ड आणि पडदा यांना जोडणारी चपटी पट्टी मला दाखवली. ती डाग देऊन जोडलेली नसते, उष्णतेने चिकटवलेली असते. ओढली किंवा दुमडली की पडद्यावरच्या काही ओळी कायमच्या जातात. म्हणून त्यांनी बोर्ड उचललाच नाही, जागच्या जागी ठेवून काम केलं. आजूबाजूला पिवळी उष्णतारोधक टेप लावली, रुंद टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने कॅपॅसिटरची दोन्ही टोकं एकदम तापवली आणि चिमट्याने तो नुसता सरकवला. जुन्या बोर्डावर एकेक टोक तापवत बसलं तर खालचा तांब्याचा ठिपका सुटून येतो. हात अजिबात थरथरला नाही. पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस आहे.

स्विचची जोडणी मला फार आवडली. लहान कॅपॅसिटर कायमचा बसवला आणि दुसरा एक स्विचमधून त्याला समांतर जोडला. समांतर जोडले की कॅपॅसिटरांची बेरीज होते, आणि या दोघांची बेरीज मूळच्याइतकी भरते. त्यामुळे स्विच लावला की घड्याळ, म्हणजे प्रोसेसरचा ठेका, हळू, सोडला की जलद. मात्र पहिल्या खेपेला स्विचपर्यंतच्या तारा बोटभर लांब होत्या, त्याही एकमेकींना पीळ घातलेल्या. बंद करून चालू केला तर जलद बाजूलाही वेग जेमतेम वाढलेला. इथे हिशोब पिकोफॅराडचा, म्हणजे कॅपॅसिटरच्या अगदी बारीक मापाचा, असतो आणि दोन जवळच्या तारा मिळून आपोआपच एक छोटा कॅपॅसिटर होतात. तारा इंचभर केल्या, वेगळ्या ठेवल्या, तेव्हा फरक पडला. ऑसिलोस्कोपचा (विजेची लय पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब तिथे टेकवला तरी घड्याळ मंदावत होतं, म्हणून शेवटी त्यांनी माझ्याच प्रोग्रामवर वेळ लावून हिशोब मांडला. ४१ सेकंदांचे २३ झाले. म्हणजे घड्याळ साडेदहा मेगाहर्ट्झच्या थोडं वर, पावणेअकराच्या आत.

खरं तर त्यांनी आधी याहून लहान कॅपॅसिटर लावून पाहिला होता, वेग जवळजवळ दुप्पट झाला होता. तो त्यांनी का काढला, हेच या परीक्षणातलं सर्वांत महत्त्वाचं.

दुप्पट वेगावर कॅल्क्युलेटर चालू झाला. मेनू उघडले, बेरजा-गुणाकार झाले, साइनचा आलेख आला. मला वाटलं, झालं काम. मग त्यांनी माझ्या मुलाने शाळेत असताना त्यात घातलेला विटा फोडायचा असेंब्लीतला (थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेला) खेळ लावायला सांगितला. खेळ सुरू झाला आणि चित्र फाटलं. विटांच्या रांगा मधूनच आठ ठिपके सरकलेल्या, चेंडू एका जागी आणि त्याची सावली दुसऱ्या जागी, डावीकडे उभ्या रेघांचा कचरा. प्रोसेसर नीट चालत होता, गुण मोजले जात होते. मागे पडत होता तो पडदा.

टीआय-८३ च्या पडद्याला स्वतःची एक चिप आहे, तोशिबाची टी६ए०४. प्रोसेसर तिला आठ-आठ ठिपक्यांचे घास देतो, आणि एक घास गिळायला तिला ठराविक वेळ लागतो. ‘मी कामात आहे’ असं सांगणारी एक खूणही तिच्याकडे आहे. पण दर वेळी ती खूण वाचण्यातही वेळ जातो, म्हणून खेळ लिहिणाऱ्यांनी दुसरी वाट धरली: दोन घासांमध्ये प्रोसेसरला मोजून इतक्या सूचना चालवायला लावायच्या की ६ मेगाहर्ट्झवर बरोबर पुरेसा वेळ जाईल. आयॉन या लोकप्रिय शेलमधलं (असे खेळ चालवणाऱ्या प्रोग्राममधलं) पडदा भराभर रंगवणारं रूटीन असंच बेतलेलं आहे, आणि कित्येक खेळ त्याच्यावर उभे आहेत. घड्याळ वाढवलं की त्या मोजलेल्या सूचना लवकर संपतात, पडदा मात्र पूर्वीच्याच वेगाने गिळत असतो. घास सांडतात. पावणेअकराच्या आत तोच खेळ सुरळीत चालतो, फक्त चेंडू जलद पळतो. म्हणून ते तिथे थांबले. वेग किती वाढवता येईल यापेक्षा कुठवर वाढवला तर आतलं सगळं सॉफ्टवेअर चालेल, याला त्यांनी महत्त्व दिलं. याच कारणासाठी मी त्यांची शिफारस करते.

या सेमिस्टरमध्ये मला एक खूणगाठ सापडली. प्रोग्राम दोन जातींचे असतात: विचारणारे आणि मोजणारे. ‘झालं का तुझं?’ असं समोरच्याला विचारून पुढे जाणारे वाढलेल्या वेगात टिकतात. मनातल्या मनात दहापर्यंत मोजून ‘आता झालंच असेल’ म्हणणारे फसतात.

फिजिक्सच्या सहकाऱ्याने सीबीएल जोडून पाहिलं, म्हणजे टीआयचं ते प्रयोगाच्या नोंदी घेणारं यंत्र. गरम कॉफीचा मग, त्यात तापमानाचा प्रोब, निवण्याचा आलेख. मूळ वेगावर आणि वाढीव वेगावर दोन्ही वक्र एकावर एक बसले. सीबीएलला ‘इतक्या वेळाने इतकी वाचनं घे’ एवढंच सांगायचं असतं, वेळ ते स्वतःच्या घड्याळावर मोजतं आणि शेवटी आकड्यांची यादी हाती देतं. उलट, त्याच सहकाऱ्याचा कॅल्क्युलेटरच्याच बेसिक भाषेत लिहिलेला स्टॉपवॉच पार बिघडला. टीआय-८३ ला वेळ सांगणारं घड्याळच नाही, ते पुढे टीआय-८४ प्लसमध्ये आलं. म्हणून रिकामं फॉर-लूप (काही न करता नुसतं मोजत फिरणारं आवर्तन) फिरवून सेकंद मोजायची जुनी पद्धत आहे, आणि वाढीव वेगावर तो सेकंद खऱ्या सेकंदाच्या निम्म्याहून थोडाच जास्त भरतो. तुमच्या प्रोग्राममध्ये अशी रिकामी लूप्स थांबा म्हणून घातलेली असतील तर ती शोधून वाढवा. मी माझ्या चार प्रोग्रामांत वाढवली.

दोन कॅल्क्युलेटरांमधली देवाणघेवाण विचारणाऱ्यांच्या जातीची आहे. केबलमध्ये दोन तारा असतात. पाठवणारा एक तार खाली ओढतो, घेणारा दुसरी ओढून पोच देतो, प्रत्येक बिटाला ही पोच. त्यामुळे माझा जलद कॅल्क्युलेटर आणि विभागातला साधा टीआय-८३ यांचं सेमिस्टरभर बिनबोभाट जमलं. जुन्या लॅपटॉपला जोडायच्या माझ्या सिरियल केबलवर मात्र दोनदा मध्येच ‘एरर इन एक्स्मिट’, म्हणजे पाठवण्यात चूक, असं आलं. स्विच हळूकडे केला, त्याच केबलवर सगळं पोचलं. तेव्हापासून संगणकाशी बोलताना मी आधी वेग उतरवते.

उत्तरं चुकतात का, हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. नाही. टीआय-८३ आत १४ अंकांपर्यंत हिशोब करतो आणि १० दाखवतो, वेग वाढल्याने त्यात काही बदलत नाही. तरी मी हजार पदांची एक बेरीज दोन्ही वेगांवर करून शेवटच्या अंकापर्यंत ताडून पाहिली. तंतोतंत तीच.

सेल मात्र लवकर उतरतात. चार ट्रिपल-ए सेल मला पूर्वी वर्षभर पुरायचे, या वेळी मे महिन्यातच बदलावे लागले. अडचण नुसत्या खर्चाची नाही. सेल उतरायला लागले की व्होल्टेज पडतं, आणि कमी व्होल्टेजवर चिपला जलद ठेका झेपत नाही. एप्रिलच्या शेवटी स्लोप फील्डच्या साठाव्या का सत्तराव्या रेघेवर कॅल्क्युलेटर गोठला. हळूकडे नेल्यावर त्याच सेलवर तो पुढे तीन आठवडे चालला. म्हणून जलद बाजूवर अडकायला लागला की पहिला संशय सेलवर घ्यावा.

आता माझ्या हातून झालेली चूक. फेब्रुवारीत वर्ग सुरू असताना, प्रोग्राम चालू असतानाच मी स्विच सरकवला. पडदा कोरा झाला, आणि पुन्हा चालू केल्यावर ‘मेम क्लिअर्ड’, म्हणजे मेमरी पुसली गेली. टीआय-८३ मध्ये फ्लॅश मेमरी, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी, नाही. ती १९९९ च्या टीआय-८३ प्लसमध्ये आली. माझ्या यंत्रात वापरायला जेमतेम २७ किलोबाइट रॅम आहे आणि जे आहे ते सगळं तिथेच राहतं. चौदाही प्रोग्राम गेले. अकरा विभागाच्या कॅल्क्युलेटरवर होते, ते केबलने परत घेतले. तीन नव्हते. त्यातला एक मी १९९८ मध्ये डॉर्मच्या खोलीत रात्री जागून लिहिला होता, न्यूटनच्या पद्धतीचा. तो मी पुन्हा लिहिला, पहिल्यापेक्षा नीटनेटका झाला, पण तो पहिला नाही. स्विच फक्त कॅल्क्युलेटर बंद असताना हलवायचा, असं त्या गृहस्थांनी मला काम परत देताना स्पष्ट सांगितलं होतं. आता मी पाठीवर मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे: ‘आधी बंद.’

टीआयने स्वतः वेग वाढवला तेव्हा काय केलं, हेही बघण्यासारखं आहे. २००१ च्या टीआय-८३ प्लस सिल्व्हर एडिशनमध्ये झेड८० १५ मेगाहर्ट्झवर गेला, पण ६ मेगाहर्ट्झही ठेवला, आणि कुठल्या वेगावर चालायचं हे प्रोग्रामला निवडता येतं. पडद्याला घास देताना मध्ये किती थांबायचं तेही चिपमध्येच ठरवता येतं. म्हणजे माझ्या स्विचचं काम तिथे सॉफ्टवेअर करतं आणि पडद्याची काळजीही घेतली जाते. पुढे काही टीआय-८४ प्लसमध्ये पडद्याची चिपच थोडी मंद आली, आणि कोणीही हात न लावलेल्या कोऱ्या यंत्रांवर जुन्या खेळांची चित्रं तशीच फाटायला लागली. त्यावर एएलसीडीफिक्स नावाचा छोटा प्रोग्राम निघाला, तो हा थांबा वाढवून देतो. आमच्या गॅरेजमध्ये मी पाहिलं तेच हे दुखणं, फक्त उलट्या बाजूने आलेलं.

आणि ज्याला पेच उघडायचाच नाही त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. माझा भाचा पुण्यात आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला आहे, त्याच्याकडे कॅसिओचा एफएक्स-सीजी५० आहे. त्याने व्हिडिओ कॉलवर मला पीट्यून३ दाखवलं. यूएसबीने एक फाइल कॅल्क्युलेटरवर टाकायची, अ‍ॅड-इन (वरून घालायचा जोडप्रोग्राम) म्हणून उघडायची आणि प्रोसेसरचा वेग पडद्यावरूनच बदलायचा. सीजी५० मुळातच सुमारे ११८ मेगाहर्ट्झवर चालतो, आधीच्या सीजी२० च्या दुप्पट. मेमरीसाठी प्रोसेसरने किती थांबायचं तेही त्यात बदलता येतं. ‘आत्या, बिघडलं तर रीसेट मारायचा, डाग बिग काही नाही,’ असं तो म्हणाला, आणि ते खरं आहे. पण सुसंगतीचा प्रश्न त्यालाही चुकला नाही. सीजी२० साठी लिहिलेले काही जुने अ‍ॅड-इन त्याच्याकडे चालत नाहीत, कारण पडद्याच्या मेमरीचा पत्ता त्यांत ठोकून लिहिलेला होता आणि सीजी५० मध्ये तो बदलला. म्हणजे तिथेही समोरच्याला न विचारता गृहीत धरणारेच अडकले. परीक्षेआधी तो सगळं मूळ स्थितीत आणतो, आणि ते बरोबरच आहे.

तेव्हा कोणी करून घ्यावं? ज्यांच्याकडे दुसरा कॅल्क्युलेटर आहे आणि जुना टीआय-८३ अजून मनापासून वापरात आहे, त्यांनी जरूर. मुलाचा शाळेतला एकुलता एक कॅल्क्युलेटर या कामाला देऊ नये. परीक्षेला तर असा उघडलेला, स्विच बसवलेला कॅल्क्युलेटर नेऊच नये, पर्यवेक्षकांना समजावत बसण्यात वेळ जाईल आणि मूल घाबरेल. स्विचशिवाय, कायमचा वेग वाढवून देणारं कोणी भेटलं तर नको म्हणावं. मोजणारे प्रोग्राम चालवायला मूळ वेग लागतोच, आणि सेल उतरल्यावर आधाराला तोच असतो. स्विच कुठे बसवणार हेही आधी विचारा. माझा वरच्या कडेला आत दबलेला आहे, त्यामुळे सरकतं झाकण अजून नीट बसतं.

काम परत घेताना त्यांनी मला काढलेले दोन कॅपॅसिटर कागदाच्या पुडीत घालून दिले: वेग दुप्पट करणारा तो लहान, आणि मधल्या आकाराचा एक, जो त्यांनी लावून पाहिला पण ठेवला नाही. पुडीवर पेन्सिलीने दोघांची मूल्यं आणि तारीख लिहिलेली आहे. ती मी सेलच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवली आहे. येत्या उन्हाळ्यात विभागातला दुसरा टीआय-८३ त्यांच्याकडे न्यायचा विचार आहे. या वेळी त्यातले प्रोग्राम आधीच उतरवून घेतले आहेत.